साडेसतरा तासांचा आठवडा

अधिवेशन चालू असताना आठवड्याच्या शेवटच्या दिवशी लोकसभेत एक अगदी रूक्ष निवेदन होते. संसदीय कामकाज मंत्री किंवा त्यांचे राज्यमंत्री उभे राहतात आणि पुढच्या आठवड्यात कोणते शासकीय कामकाज घेतले जाईल, याची यादी वाचतात. अमुक विधेयकावर चर्चा आणि मंजुरी, तमुक खात्याच्या अनुदानाच्या मागण्या, राज्यसभेकडून आलेले एखादे विधेयक. दोन-तीन मिनिटांत आटोपते. मग काही खासदार आपापले विषयही त्या यादीत घ्यावेत असे सुचवतात. कोणाला रेल्वेचा थांबा हवा असतो, कोणाला कांद्याच्या भावावर चर्चा. या सूचनांची नोंद होते. यादी बहुधा आहे तशीच राहते.

वृत्तपत्रांत या निवेदनाची सहसा ओळही येत नाही. आपल्याला संसद दिसते ती घोषणांची, फलकांची, सभात्यागांची. पण संसदेत सत्ता कशी चालते हे ज्याला समजून घ्यायचे आहे त्याने भाषणांपेक्षा ही यादी वाचावी. ज्या सरकारकडे बहुमत आहे त्याला मतांची फारशी काळजी नसते. त्याला काळजी असते तासांची.

तास तरी किती? लोकसभा साधारणपणे सकाळी ११ ते १ आणि दुपारी २ ते ६ अशी बसते. म्हणजे दिवसाचे सहा तास, पाच दिवसांचे तीस. त्यातला रोजचा पहिला तास प्रश्नोत्तरांचा, गेले पाच. त्यानंतर पटलावर कागदपत्रे ठेवणे आणि शून्य प्रहर. या शून्य प्रहराचा नियमावलीत उल्लेखही नाही, पण तो रद्द करण्याची कोणाची छाती नाही. तिथेही ढोबळमानाने रोजचा एक तास धरा. शुक्रवारी दुपारी साडेतीननंतरचे अडीच तास खासदारांच्या अशासकीय कामकाजाचे. उरले साडेसतरा. देशाचे कायदे, अर्थसंकल्प, पुरवणी मागण्या, महत्त्वाच्या विषयांवरच्या चर्चा, सगळे या साडेसतरा तासांत बसवायचे. आणि तेही सभागृह एक मिनिटही तहकूब झाले नाही तर.

या वेळेवर पहिला हक्क सरकारचा. लोकसभेच्या कामकाज नियमावलीतला नियम २५ हे सरळ सांगतो: शासकीय कामकाजासाठी ठेवलेल्या दिवशी त्या कामकाजाला अग्रक्रम मिळेल, आणि त्याचा क्रम अध्यक्ष सभागृह नेत्याशी विचारविनिमय करून ठरवतील. सभागृह नेता म्हणजे बहुतेक वेळा पंतप्रधान. मनमोहन सिंग राज्यसभेचे सदस्य असल्यामुळे त्यांच्या काळात लोकसभेतले हे पद दुसऱ्याकडे द्यावे लागले. आधी प्रणव मुखर्जी आणि २०१२ पासून सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे यांनी ते सांभाळले. नियमाचा शब्द ‘विचारविनिमय’ असा मऊ आहे. व्यवहारात कोणते विधेयक आधी आणि कोणते नंतर हे सरकार ठरवते आणि अध्यक्ष सहसा ते मान्य करतात.

ज्या ब्रिटिश संसदेवरून आपण हे सारे घेतले तिथेही शासकीय कामकाजालाच अग्रक्रम आहे. मात्र तिथल्या कनिष्ठ सभागृहात प्रत्येक सत्रातले वीस दिवस विरोधकांचे असतात आणि त्या दिवशीचा विषय ते ठरवतात. आपल्याकडे असा एकही दिवस नाही. लोकसभेतल्या विरोधी पक्षाला चर्चा हवी असेल तर ती मागावी लागते, आणि मागणी मान्य होईपर्यंत आवाज चढवावा लागतो. लोकसभेतल्या निम्म्या गोंधळाचे मूळ मला या एका उणिवेत दिसते. विरोधकांची शिस्त बिघडली म्हणून नाके मुरडणारे अग्रलेख ही गोष्ट क्वचितच लक्षात घेतात.

मागणी कशी लांबते याचा नमुना म्हणजे नियम १८४ आणि नियम १९३ यांचा वाद. दोन्हींखाली चर्चाच होते. फरक इतकाच की १८४ खाली शेवटी मतदान होते, १९३ खाली होत नाही. २०१२ च्या हिवाळी अधिवेशनात किरकोळ व्यापारातल्या परकीय गुंतवणुकीवर चर्चा हवी यावर कोणाचे दुमत नव्हते; ती कोणत्या नियमाखाली व्हावी यावरून सुरुवातीचे कित्येक दिवस वाया गेले. सरकारने मतांची बेरीज जुळवली आणि मगच १८४ ला होकार दिला. ५ डिसेंबरला मतविभागणी झाली. विरोधकांच्या प्रस्तावाच्या बाजूने २१८ मते पडली, विरुद्ध २५३. समाजवादी पक्ष आणि बसप बाहेर निघून गेले, आणि तेच सरकारच्या पथ्यावर पडले. मतदान जिंकता येईल याची खात्री होईस्तोवर मतदानाची वेळच येऊ द्यायची नाही, ही कामकाज चालवण्याची जुनी विद्या आहे.

ही देवाणघेवाण जिथे होते ती जागा दूरचित्रवाणीवर दिसत नाही. तिचे नाव कामकाज सल्लागार समिती. अध्यक्षांसह जास्तीत जास्त पंधरा सदस्य, अध्यक्ष स्वतः समितीचे प्रमुख, आणि महत्त्वाच्या पक्षांचे गटनेते त्यात. लोकसभेची अशी पहिली समिती १९५२ च्या जुलैमध्ये नेमली गेली, गणेश वासुदेव मावळंकर अध्यक्ष असताना. दादासाहेब मावळंकरांचे घराणे मूळचे रत्नागिरीकडचे. त्यांची वकिली आणि राजकारण अहमदाबादचे. सरकारी बाकांकडून आलेली कामांची यादी जशीच्या तशी सभागृहासमोर ठेवणारे अध्यक्ष ते नव्हते.

समिती ठरवते काय? या विधेयकाला चार तास, त्याला दोन, अमक्या विषयावरच्या चर्चेला सहा. तिचा अहवाल सभागृहात मांडला जातो, सभागृह तो मान्य करते, आणि मग त्या तासांना आदेशाचे बळ येते. ठरलेली घटका भरली की अध्यक्ष चर्चा थांबवून उरलेले सगळे मुद्दे मतास टाकू शकतात. समितीत मतदान होत नाही, सहमतीने चालते, असा संकेत आहे. सहमती नसली तर? मग समितीची बैठक म्हणजे सरकारने आपली यादी वाचून दाखवण्याची जागा उरते आणि विरोधक उठून निघून जातात. असेही घडलेले आहे.

मिळालेले तास पक्षांच्या संख्याबळानुसार वाटले जातात. चार तासांची चर्चा धरा, म्हणजे २४० मिनिटे. २०२४ च्या निकालानंतर ५४३ च्या सभागृहात भाजपचे २४० खासदार होते. त्यांच्या वाट्याला ढोबळ हिशेबाने १०६ मिनिटे येतात. काँग्रेसचे ९९, म्हणजे ४४ मिनिटे. नऊ खासदारांच्या ठाकरे गटाच्या शिवसेनेला चार मिनिटे, आणि आठ खासदारांच्या शरद पवारांच्या पक्षाला त्याहूनही अर्ध्या मिनिटाने कमी. प्रत्यक्षात अध्यक्ष थोडी सैल सोडतात. तरीही ‘माझ्या भाषणाला आत्ताच सुरुवात झाली’ म्हणणाऱ्या खासदाराच्या बोलण्यात घंटा का वाजते, त्याचे उत्तर या त्रैराशिकात आहे. लहान पक्षाच्या सदस्याने चार मिनिटांत विधेयकाचा कलमवार समाचार घ्यावा ही अपेक्षाच गैर. म्हणून तो कलमे सोडतो आणि समाजमाध्यमांवर टाकता येईल असे एक वाक्य बोलतो.

सरकारच्या बाजूने हे सारे सांभाळणारे खाते १९४९ मध्ये सुरू झाले. सत्यनारायण सिन्हा हे सरकारचे मुख्य प्रतोद होते आणि हे खाते त्यांच्याकडेच आले. संसदीय कामकाज मंत्री हाच लोकसभेत सरकारचा मुख्य प्रतोद, ही जोडी तेव्हापासून कायम आहे. अधिवेशनाआधी हे मंत्रालय सगळ्या मंत्रालयांना विचारते: तुमची कोणती विधेयके तयार आहेत? विधी खात्याने मसुदा केला का? मंत्रिमंडळाची मंजुरी आली का? प्रत्येक मंत्र्याला आपलेच विधेयक तातडीचे वाटते आणि अर्ध्यांचा मसुदा तयार नसतो. या गर्दीतून अधिवेशनाची यादी निघते. मग सर्वपक्षीय बैठक. मुंबई-नागपूरला अधिवेशनाच्या पूर्वसंध्येला मुख्यमंत्री चहापान ठेवतात आणि विरोधक त्यावर बहिष्कार टाकतात, ही आपल्याकडची प्रथा आता इतकी रुळली आहे की कोणी चहाला गेले तर त्याचीच बातमी व्हावी. दिल्लीत विरोधक निदान बैठकीला जातात, तक्रारी मांडतात आणि बाहेर येऊन पत्रकारांना त्याच सांगतात.

अधिवेशन सुरू झाले की खरी धावपळ. सभागृहात कोणी ना कोणी मंत्री हजर हवाच, म्हणून मंत्र्यांच्या हजेरीच्या पाळ्या लावलेल्या असतात. अधिकाऱ्यांच्या कक्षातून मंत्र्यापर्यंत चिठ्ठ्या पोचल्या पाहिजेत. एकदशांश सदस्यांची, म्हणजे ५५ जणांची गणसंख्या राखणे ही सत्ताधाऱ्यांची जबाबदारी. ती नसेल आणि विरोधकाने बोट दाखवले तर कामकाज थांबते. आणि पक्षादेश. त्याच्या मजकुराखाली एक, दोन की तीन रेघा आहेत यावरून खासदाराला कळते की घरी लग्न असले तरी यायचे की नाही. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर पक्षादेश मोडणाऱ्याची खासदारकीच धोक्यात येते. तेव्हापासून मते मोजण्याचे काम सोपे झाले आणि खासदारांची मने वळवण्याची कला जवळजवळ संपली. पूर्णपणे नव्हे. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० असे एका मताने पडले, त्यात नॅशनल कॉन्फरन्सच्या सैफुद्दीन सोझ यांनी आपल्या पक्षाविरुद्ध दिलेले मत होते.

वेळेवर ताबा ठेवण्याचा दुसरा मार्ग म्हणजे विरोधकांना आधी कळू न देणे. तसे होऊ नये म्हणून दोन मुदती घातलेल्या आहेत: विधेयक मांडण्याची सूचना सात दिवस आधी द्यावी आणि त्याच्या प्रती सदस्यांना दोन दिवस आधी मिळाव्यात. दोन्हींतून सूट देण्याचा अधिकार अध्यक्षांना आहे, आणि मंत्र्याने कारण देऊन सूट मागितली की ती बहुतेक वेळा मिळते. त्यासाठी सोयीचे हत्यार म्हणजे ‘पुरवणी कार्यसूची’, म्हणजे दिवसाची कार्यसूची निघाल्यावर मागाहून येणारा कागद. सप्टेंबर २०२३ च्या विशेष अधिवेशनाच्या जाहीर यादीत टपाल कार्यालय, वकील, नियतकालिकांची नोंदणी, मुख्य निवडणूक आयुक्तांची नेमणूक अशी विधेयके होती. महिला आरक्षणाची घटनादुरुस्ती त्यात नव्हती. १९ सप्टेंबरला नव्या इमारतीतल्या पहिल्या दिवशी ती पुरवणी कार्यसूचीतून आली. प्रत मिळाली नाही अशी विरोधकांची तक्रार, ती संगणकावर टाकली आहे असे सरकारचे उत्तर. दुसऱ्या दिवशी ४५४ विरुद्ध २ मतांनी ती संमत झाली. ज्या विधेयकाला जवळजवळ सारे सभागृह अनुकूल होते त्यालाही ही लपवाछपवी का लागली, याचे समाधानकारक उत्तर मला सुचत नाही. सवय हेच खरे कारण असावे.

गोंधळाचा तोटा विरोधकांना की सरकारला? सरसकट समजूत अशी की कामकाज बंद पाडून विरोधक सरकारची कोंडी करतात. २०१० च्या हिवाळी अधिवेशनात टू-जी स्पेक्ट्रम वाटपाच्या प्रकरणावर संयुक्त संसदीय समितीची मागणी करत विरोधकांनी जवळजवळ सगळे अधिवेशन वाया घालवले आणि पुढच्या वर्षी समिती नेमावी लागली, तेव्हा ही समजूत खरी ठरली. पण २०१८ चे अर्थसंकल्पी अधिवेशन त्याच्या नेमके उलट आहे, आणि ते नीट पाहण्यासारखे आहे.

केंद्राच्या अर्थसंकल्पात शंभराच्या आसपास अनुदानाच्या मागण्या असतात. सगळ्यांवर चर्चा अशक्य. म्हणून तीन-चार, फार तर पाच-सहा मंत्रालये निवडून त्यांवर बोलायचे, आणि शेवटच्या दिवशी ठरलेल्या वेळेला नियम २०८ प्रमाणे अध्यक्षांनी बाकीच्या साऱ्या मागण्या एकत्र मतास टाकायच्या. याला ‘गिलोटिन’ म्हणतात. नाव ब्रिटिशांकडून आले. १८८१ मध्ये आयरिश नेते पार्नेल यांच्या सदस्यांनी बोलत राहून लंडनची संसद सलग ४१ तास जागी ठेवली, शेवटी अध्यक्षांनी आपल्या अधिकारात चर्चा तोडली, आणि तिथून चर्चा कापण्याची ही सारी हत्यारे घडत गेली. २०१७ पासून अर्थसंकल्प १ फेब्रुवारीला येतो आणि मार्चअखेर मंजूर करायचा असतो. पूर्वी लेखानुदान घेऊन एप्रिल-मेपर्यंत चर्चेला सवड मिळायची, ती गेली.

२०१८ ला तेलुगु देसम आंध्रच्या विशेष दर्जासाठी, अण्णाद्रमुक कावेरीसाठी, काँग्रेस बँक घोटाळ्यावरून अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत उतरले होते. अधिवेशन ६ एप्रिलपर्यंत चालायचे होते. सरकारने १४ मार्चलाच गिलोटिन लावले. घोषणांच्या गदारोळात सगळ्या मागण्या, विनियोजन विधेयक आणि वित्त विधेयक अर्ध्या तासाच्या आसपास संमत झाले. एकाही मंत्रालयाच्या खर्चावर चर्चा झाली नाही. पुढे मजेदार प्रकार घडला. तेलुगु देसम आणि वायएसआर काँग्रेस यांनी अविश्वास ठरावाच्या सूचना दिल्या. असा ठराव दाखल करून घ्यायला पन्नास सदस्य उभे राहावे लागतात. अध्यक्ष सुमित्रा महाजन यांनी सांगितले की सभागृहात शिस्त नाही, त्यामुळे मला माणसे मोजता येत नाहीत. दिवसामागून दिवस हेच उत्तर. ज्या गोंधळात लाखो कोटींचा खर्च आवाजी मतदानाने मोजता आला, त्याच गोंधळात पन्नास डोकी मोजता आली नाहीत. ठराव जुलैत चर्चेला आला आणि ३२५ विरुद्ध १२६ मतांनी फेटाळला गेला.

म्हणजे बहुमत पक्के असेल तर गोंधळाने सरकारचे काही अडत नाही. आवाजी मतदानाला शांतता लागत नाही. बुडतो तो प्रश्नोत्तराचा तास, शून्य प्रहर, खर्चावरची चर्चा. थोडक्यात, विरोधकांच्या वाट्याचे तेवढे. २०२३ मध्येही अनुदानाच्या मागण्या चर्चेविना मंजूर झाल्या. त्या वेळी तर गोंधळ घालण्यात सत्ताधारी बाकेही मागे नव्हती. त्याच वर्षी २६ जुलैला अविश्वास ठराव दाखल झाला. नियमाप्रमाणे दहा दिवसांच्या आत चर्चेची तारीख ठरवायची. चर्चा ८ ऑगस्टला सुरू झाली. ठराव निकाली निघेपर्यंत धोरणात्मक विधेयके आणू नयेत असा संकेत आहे, असे विरोधक सांगत राहिले. सरकारने दरम्यान दिल्लीच्या प्रशासनाचे आणि व्यक्तिगत विदा संरक्षणाचे अशी दोन्ही विधेयके लोकसभेत संमत करून घेतली.

सभागृहात वेळ नाही म्हणून समित्या आल्या. शिवराज पाटील अध्यक्ष असताना, १९९३ मध्ये, खातेनिहाय सतरा स्थायी समित्या नेमल्या गेल्या. आता त्या चोवीस आहेत. तिथे कॅमेरे नसतात आणि खासदार पक्ष विसरून कलमे वाचतात, असा अनुभव अनेकांनी सांगितला आहे. पण विधेयक समितीकडे पाठवायचे की नाही हेही पुन्हा बहुमतच ठरवते. पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या संस्थेच्या आकडेवारीनुसार पंधराव्या लोकसभेत ७१ टक्के विधेयके समित्यांकडे गेली होती, सतराव्या लोकसभेत १६ टक्के.

सरकारला सभागृहाच्या वेळापत्रकातून पूर्ण सुटकाही करून घेता येते: अध्यादेश. मावळंकरांनी याच सवयीबद्दल नेहरूंना पत्रे लिहून नापसंती कळवली होती. अध्यादेशाला संसद भरल्यापासून सहा आठवड्यांचे आयुष्य असते, त्यामुळे त्याच्या जागी येणारे विधेयक पुढच्या यादीत सर्वांच्या पुढे जाऊन बसते. राज्यांनी तर याच्याही पुढची युक्ती काढली. पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थतज्ज्ञ डी. सी. वाधवा यांनी बिहारची राजपत्रे चाळली आणि दाखवून दिले की १९६७ ते १९८१ या काळात तिथे २५६ अध्यादेश पुन्हा पुन्हा काढून जिवंत ठेवले होते. हे प्रकरण ते सर्वोच्च न्यायालयात घेऊन गेले आणि जिंकले.

उरले शुक्रवारचे अडीच तास. अशासकीय विधेयकांपैकी आजवर चौदाच कायदे झाले आणि शेवटचा १९७० मध्ये. म्हणून हा वेळ फुकट म्हणावा, तर राजापूरचे खासदार नाथ पै यांचे उदाहरण आडवे येते. सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ निकालात मूलभूत हक्क कमी करण्याचा संसदेचा अधिकार नाकारल्यानंतर, १९६७ मध्ये, मूलभूत हक्कांसह घटनेचा कोणताही भाग दुरुस्त करण्याचा संसदेचा अधिकार स्पष्ट करणारे विधेयक त्यांनी एकट्याने आणले. ते संमत झाले नाही. त्यातला विचार मात्र सरकारने १९७१ मध्ये चोविसाव्या घटनादुरुस्तीत उचलला. तोवर नाथ पै हयात नव्हते.

एक कोपरा असा आहे जिथे घड्याळ सभागृहाच्या हातात असते. मंत्री उत्तर देताना ‘बाब विचाराधीन आहे’, ‘मी तपासून पाहतो’, ‘चौकशी चालू आहे’ असे काही बोलले की ते आश्वासन धरले जाते. कोणते शब्द आश्वासन समजायचे याची चक्क यादी आहे. संसदीय कामकाज मंत्रालय रोजच्या इतिवृत्तातून अशी वाक्ये वेचून संबंधित खात्याला पाठवते, आणि खात्याने तीन महिन्यांत ते पुरे करून पटलावर अहवाल ठेवायचा असतो. १९५३ पासून यासाठी आश्वासन समिती आहे. खाती मुदतवाढ मागतात, पुन्हा मागतात, कधी आश्वासन वगळाच अशी विनंती करतात. समिती अधिकाऱ्यांना बोलावून विचारते की उशीर का. लोकसभा विसर्जित झाली की तिथे पडून असलेली विधेयके रद्द होतात. अपुरी आश्वासने रद्द होत नाहीत. ती नव्या लोकसभेच्या समितीकडे जातात, आणि आधीचे मंत्री ‘तपासून पाहतो’ म्हणाले होते त्याचे उत्तर नव्या मंत्र्यांना द्यावे लागते.